राबावर घातलेल्या दोन गाड्या

आषाढातला पाऊस पडत नाही, हाणतो. आज सकाळपासून तो आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या खिडकीवर असा आपटतोय की काच आत कधी येते याची मी वाटच बघते आहे. खाली पार्किंगच्या पत्र्यावर धोपटणं चालू आहे. गुलमोहराची फांदी मोडून वॉचमनच्या खुर्चीवर पडली आहे, बिचारा चहाला उठला होता म्हणून वाचला. आणि नेमका अशाच वेळी माझ्या मुलीचा, मुग्धाचा, पुण्याहून फोन येतो. "आई, आम्ही गाडी घेतोय. कॅम्पिंगलाही जाता यावं आणि रोज ऑफिसलाही चालावी अशी. व्हॅन घेऊ की ऑफरोडवाली? तू तर दोन्ही चालवल्यास!"

चालवल्या, बाई. दोन्ही चालवल्या आणि दोन्हींनी मिळून एका घराचं वर्ष चिरडलं. पण हे फोनवर सांगता येत नाही. मुग्धाला त्या आषाढाची एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि ती आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जाते: आईने पान्याने बाबांचा हात मोडला. पाहुणे आले की सुधीर, माझा नवरा, स्वतःच मनगट पुढे करतो. "बघा, लग्नाचा पुरावा," म्हणतो. सगळे हसतात, मीही हसते. ते हाड जरा वाकडं बसलं आहे आणि पावसाळ्यात ठणकतं.

मुग्धा मला व्हिडिओ पाठवते. कुणीतरी तरणाताठा माणूस एका गाडीची डिकी उघडून त्यात गादी अंथरतो, दुसऱ्या गाडीचं चाक दगडावर चढवतो आणि मग गुण देतो. जागेला इतके, ताकदीला इतके. हे गुण देणं मला फार निरुपद्रवी वाटतं. गाडी कुठे नेणार आहात, आणि तिथे आधीपासून कोण राहतं, हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

व्हॅन माझी होती. मी शाळांचे गणवेश शिवून देते, घरी चार मशिनी आणि तीन बायका. जून-जुलै म्हणजे आमचा कापणीचा हंगाम. व्हॅनची मागची सीट मी काढूनच टाकली होती आणि तिथे पांढऱ्या शर्टांचे, निळ्या पिनाफोरांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असत. सरकतं दार एका हाताने ओढायचं, गठ्ठा उचलायचा, शाळेच्या पायरीवर टेकवायचा. तळ इतका खाली की कमरेला त्रास नाही. साडी नेसून चढा, उतरा, कुणी मान वळवून बघत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात जिथे रिक्षा अडकते तिथून माझी व्हॅन अंग चोरून निघायची. एक दोष, इंजिन सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात आपण गाडी चालवतोय की तव्यावर बसलोय ते कळत नसे. रविवारी गठ्ठ्यांच्या जागी गादी, स्टोव्ह, दोन पातेली, की झालं कॅम्पिंग. गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला मागचं दार वर करून पोहे केलेत मी, पाऊस दाराच्या कडेवरून ओघळत असताना.

जीप सुधीरची. त्या वर्षी त्याने बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली आणि दोन महिन्यांत ही जुनी, उंच केलेली, माझ्या खांद्याला लागतील अशा टायरांची जीप दारात आणून उभी केली. नोकरी सोडलेल्या पुरुषाचं काय करायचं हे घराला कळत नाही आणि त्यालाही कळत नाही. तीस वर्षं त्याने मान खाली घालून काम केलं होतं. जीपमध्ये बसला की त्याची मान ताठ व्हायची, ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण त्याबरोबर आवाजही बदलायचा. पुढच्या स्कूटरवाल्याला तो "ए" म्हणायला लागला. घरातही दार लावायचं सोडून आपटायला लागला. एकदा मशीनवरच्या बाईने त्याच्या चपला पायाने सरकवल्या म्हणून त्याने ताट भिंतीवर फेकलं. वरणाचा डाग आम्ही दोनदा रंग मारला तरी वर येत राहिला.

रोजच्या वापराला जीप म्हणजे शुद्ध शिक्षा. चढताना पाय डोक्यापर्यंत न्यायचा, ब्रेक मारला की कपाळ काचेला. छपरातून पाणी नेमकं मानेवर ठिबकायचं. आणि पुढचं बोनेट एवढं उंच की नाकासमोर काय आहे ते दिसत नाही. व्हॅनमध्ये तसं नाही. तिथे चालवणारा अगदी पुढे बसतो, पायाखालचा रस्ता दिसतो, समोर कुत्रं निजलं असेल तर त्याचं शेपूटही दिसतं. तेव्हा हा फरक मला गाडीच्या सोयीचा वाटत होता.

"तुझी व्हॅन म्हणजे डबा आहे," सुधीर म्हणायचा. "डांबर संपलं की रडते."

"आणि तुझी जीप डांबरावर रडवते," मी म्हणायची.

यावरून पैज लागली. आषाढातला एक रविवार, दोन्ही गाड्या घ्यायच्या, घोटीच्या पुढे वैतरणेच्या बाजूच्या एका पठाराखाली तळ ठोकायचा आणि कोण सुखाने राहतं ते बघायचं. मुग्धाचा क्लास होता म्हणून ती आली नाही.

घोटी सोडली आणि पाऊस आडवा झाला. मी येवल्याकडची. आमच्याकडे पाऊस म्हणजे कोरड्या ढगांकडे बघून केलेली विनवणी. इथे ढग रस्त्यावर येऊन काचेला थापडा मारत होते. दोन्ही बाजूंनी ओढे तांबडे होऊन धावत होते, एका फरशी पुलावर पाणी माझ्या चाकाच्या अर्ध्यापर्यंत आलं आणि व्हॅनचा मागचा भाग चक्क बाजूला सरकला. माझ्या तोंडून शिवी गेली. पुढे सुधीर पाणी उडवत पार झाला आणि आरशातून हात हलवला. मला त्याचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतकी मजाही वाटली की आजही मला ती दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

पठाराखाली पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. सगळीकडे चिखल, पाणी भरलेली खाचरं, दगड. आणि त्यात बांधाला लागून एक तुकडा दिसला, चांगला मोठा, सपाट, दाट हिरवा. इतका हिरवा की डोळे निवले.

"तिथे लावूया," मी ओरडले. "हिरवळ आहे. लॉनच आहे बघ!"

हे मी म्हणाले. सुधीर नाही. विनोद सांगताना हे वाक्य आमच्या घरात कुणी सांगत नाही, कारण सुधीरच्या ते लक्षात नाही आणि मी आठवण करून दिलेली नाही.

मीच आधी व्हॅन घातली. दहा हातांवर पुढची चाकं खाली गेली. मी जोर दिला तशी ती आणखी खणत गेली, व्हॅनचे बारीक टायर सुरीसारखे चिरत जातात. मग सुधीर उत्साहाने जीप घेऊन मागून आला. याच क्षणासाठी त्याने ती घेतली होती. त्याने दोर बांधला, मी व्हॅनचा मागचा हूक पान्याने ठोकून सरळ केला आणि त्याने जीप रेटली. रुंद खाचांचे टायर जागच्या जागी फिरले. हिरवे गड्डेच्या गड्डे मुळांसकट उखडून मागे उडाले, माझ्या तोंडावर, साडीवर, काचेवर. तो उजवीकडे ओढून बघायचा, मग डावीकडे. अर्ध्या तासात व्हॅन निघाली. आम्ही दोघं हसत होतो. मागे बघितलं तर त्या तुकड्यात हिरवं असं फारसं उरलं नव्हतं, तांबडा रबरबाट होता.

तुलना करायचीच असेल तर ही करा. व्हॅनने खोल कापलं, जीपने पसरून फाडलं.

दोन्ही गाड्या आम्ही कडेच्या पायवाटेवर घेतल्या आणि सुधीर दोर गुंडाळून जीपमध्ये चढला, तेवढ्यात वरच्या बांधावरून एक बाई धावत आली. अंगावर प्लास्टिकचा कागद, साडी गुडघ्यावर खोचलेली, वयाने माझ्याएवढीच. तिचं नाव पारूबाई हे मला नंतर कळलं. ती त्या तुकड्याच्या कडेला येऊन थांबली. ती ओरडेल असं मला वाटलं, पण ती आधी खाली बसली आणि चिखलात हात घालून काहीतरी शोधायला लागली. चार-पाच काड्या तिच्या मुठीत आल्या. त्या तिने पाण्यात धुतल्या.

मग ती ओरडली. "राब व्हता वो तो! आमचा राब व्हता! वर्साचा भात व्हता त्याच्यात, डोळं फुटलं व्हतं का तुमचं?"

राब हा शब्द मी ऐकला होता, पाहिला नव्हता. भाताचं रोप आधी एका तुकड्यात दाट वाढवतात, महिनाभराने उपटून खाचरांतून लावतात, त्या लावणीला तिथे आवणी म्हणतात. म्हणजे त्या एका तुकड्यात चार खाचरांचं पीक उभं होतं. पण मला समजायला यातलं काहीच लागलं नाही. माझ्या वडिलांकडे कांद्याचं रोप असंच टाकत. त्या वाफ्यावरून कोंबडी गेली तरी आई दगड घेऊन धावायची. मी लहान असताना एकदा पळत त्यावरून गेले होते, तेव्हा वडिलांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, उसाच्या टिपरीने, पायांवर. रोप म्हणजे काय ते माझ्या पोटऱ्यांना माहीत होतं. तरी मला ते हिरवळ दिसलं. नाशिकच्या सोसायट्यांमध्ये वीस वर्षं काढली की डोळे असे होतात.

मी काहीतरी बोलायला पुढे झाले, तर तिने हातातला दगड फेकला. जीपच्या काचेला तडा गेला. दुसरा दगड माझ्या खांद्याला लागला. "शेहरातली रांडं," ती म्हणाली आणि रडायला लागली आणि रडता रडता तिसरा दगड उचलला. लांबच्या खाचरांतून माणसं वर बघत होती, दोघं-तिघं पळत निघाली होती.

"गाडीत बस," सुधीर ओरडला. "जमाव येतोय. मारून टाकतील. बस!"

तेवढ्यात तिचा सासरा आला, दगडूबाबा. हाडांचा सापळा, डोक्याला फडकं. तो सरळ जीपच्या पुढे गेला आणि पायवाटेवर बंपरला पाठ लावून बसला. "गाव येईस्तोवर गाडी हलायची नाय," एवढंच म्हणाला.

सुधीरने जीप सुरू केली आणि दोनदा हॉर्न दिला.

मी त्याच्या खिडकीशी उभी होते. पाना हातातच होता, कशाला होता ते मला ठाऊक नाही. "सुधीर, माणूस बसलाय," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या मानेवरची शीर उभी राहिली होती, चेहरा पांढरा. भीतीने माणूस किती क्रूर दिसतो. त्याने गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, जीप किंचित हलली, आणि मी त्याच्या स्टिअरिंगवरच्या उजव्या मनगटावर पाना घातला. पूर्ण ताकदीने. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला.

त्याचा पाय क्लचवरून सुटला. जीपने वीतभर उडी मारली आणि बंद पडली. त्या वीतभराने म्हातारा तोंडावर पडला. मी धावले. कपाळ फुटलं होतं, पण तो उठून बसला आणि पुन्हा तिथेच, त्याच जागी, पाठ टेकून बसला. 

मग माणसं आली. एका तरण्या गड्याने सुधीरला कॉलर धरून खाली ओढलं, दोन थोबाडीत मारल्या, तिसरीला सुधीर चिखलात पडला, मोडका हात छातीशी धरून. कुणीतरी जीपचा आरसा तोडला, कुणीतरी माझ्या व्हॅनचा दिवा फोडला. मी मध्ये पडले नाही. मला ते बघायचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते. त्या ताटाच्या, त्या आपटलेल्या दारांच्या सगळ्या थोबाडीत मला त्याला बसलेल्या हव्या होत्या.

थांबवलं ते पारूबाईंनी. "मारून रोप येतंय का रं?" त्या गड्यावर त्या खेकसल्या. मग जीपमधून किल्ली काढून त्यांनी कमरेला खोचली आणि माझ्याकडे वळल्या. "पैसं दाखवू नको बाई. पैसं लावून भात उगवत नाय. रोप आन. कुठनंबी आन. आनि आवणीला उभी ऱ्हा. तवर ही जीप हितंच."

सुधीरला मी व्हॅनमधून नाशिकला आणलं. एक दिवा फुटलेला, पाऊस काचेवर कोसळतोय, आणि तो शेजारी कण्हत म्हणतोय, "मी ब्रेक मारणारच होतो. तू कशाला... मी ब्रेक मारणारच होतो." प्लास्टर घालताना डॉक्टरांना त्याने वेगळं सांगितलं. "बोनेट उंच असतं हो, मला म्हातारा दिसलाच नाही." मी बाकावर बसून दोन्ही ऐकलं. दिसलाच नाही तर ब्रेक कुणासाठी मारणार होता, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यानंतर इतके आषाढ गेले, अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अकरा दिवस मी रोज पहाटे घोटीच्या पुढे जात होते. गणवेश घरी पडून राहिले, दोन शाळांनी कायमचं काम काढून घेतलं. त्या बाजूला एक रीत आहे. ज्याची आवणी आटोपते त्याचं उरलेलं रोप बांधावर राहतं आणि ज्याचं कमी पडतं त्याने ते मागून न्यायचं, नाही म्हणायचं नसतं. मी दारोदार मागत फिरले. "कुनाचा राब गेला?" बायका विचारायच्या. पारूबाईंचा म्हटलं की, "कशानं गेला?" आणि मी सांगायची, "मी गाडी घातली." काही जणी रोपाच्या जुड्या माझ्या अंगावर भिरकावून द्यायच्या, पण द्यायच्या.

उपटलेलं रोप थांबत नाही, लगेच लावावं लागतं. व्हॅन त्या अकरा दिवसांत जशी राबली तशी कधी राबली नाही. सरकतं दार, खाली तळ, ओल्या जुड्या थेट आत. जिथे शर्टांचे गठ्ठे असत तिथे चिखल आणि मुळ्या. वरच्या पाड्यावर मात्र व्हॅन चढेना, तेव्हा पारूबाईंनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी जीप चालवली. आडव्या पावसात, दगडांवरून, मागे जुड्यांचा ढीग घेऊन. ती चढली. इतकी सुंदर चढली की मला हुंदका आला. तिच्यात काहीच वाईट नव्हतं. पुढे बोनेटपाशी पारूबाईंचा भाचा चालायचा, मला दिसेल इतक्या अंतरावर. तसं मीच त्यांना सांगितलं होतं.

तरी रोप पुरलं नाही. चारपैकी अडीच खाचरं लागली. दीड तशीच राहिली, पाणी भरलेली, नांगरून चिखल करून तयार, रिकामी. रोज त्यांच्या कडेने जावं लागायचं. दगडूबाबा दिवसभर त्या रिकाम्या खाचराच्या बांधावर कपाळाला पट्टी बांधून बसलेला असायचा. मी समोरून गेले की तोंड फिरवायचा.

लावणी मला येत नव्हती, ती पारूबाईंनी शिकवली, शिव्या देत. "इतकं खोल नको, कुजंल. इतकं वर नको, तरंगंल. आगं बोटानं दाब, टाचनी टोचल्यासारखं काय करती?" मी आयुष्यभर सुईने टोचत आले होते, तेच हात. वाकून वाकून पाठ तुटायची, पाऊस मणक्यावर कोसळायचा, नखांत चिखल जाऊन बोटं सुजली होती. पण त्या रांगेत बायका बोलत, गात, एकमेकींना टोमणे मारत, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्या टोमण्यांत मलाही घ्यायला लागल्या. नवऱ्याचा हात मोडणारी बाई म्हणून माझा थोडा दबदबाही झाला होता. "आमच्याबी घरी ये एकदा, पाना घेऊन," एकजण म्हणाली तेव्हा मी पहिल्यांदा हसले. पारूबाई हसल्या नाहीत.

अकराव्या दिवशी शेवटच्या जुड्या उरल्या. बाकीच्या बायका पुढच्या बांधावर गेल्या होत्या. खाचरात आम्ही दोघीच, शेजारी शेजारी, वाकलेल्या. पाऊस इतका होता की बोलायचं तर ओरडावं लागे. तरी पारूबाई हळूच बोलल्या, मान वर न करता, हात चालूच.

"एक इचारते. खरं सांगशील?"

"सांगेन."

"तुझा मानूस म्हनतो म्हातारा दिसला नाय. दवाखान्यातनं निरोप धाडला त्यानं तसा. आमच्या मान्सांनीबी मानलं, गाडी उंच हाय म्हनत्यात." त्यांनी एक रोप लावलं, दुसरं लावलं. "तू खिडकीशी व्हती. त्याला दिसला व्हता का?"

नाही म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. उंच गाडी, आडवा पाऊस, घाबरलेला माणूस. मला घरी जायचं होतं, त्याच माणसाकडे, त्याच्या हाताला तेल चोळायचं होतं, आणि पुढची सगळी वर्षं त्याच्याबरोबर काढायची होती. मी चिखलात हात रोवून तशीच वाकून राहिले.

"दिसला होता," मी म्हणाले. "त्यानं म्हाताऱ्याला उठवायलाच हॉर्न दिला होता. दोनदा."